लिनक्सवर ब्राउझर सारखा बंद पडतोय? आधी बघा, त्याला मारलं कोणी

"ब्राउझर क्रॅश होतो" या एका वाक्याखाली लोक निदान पाच वेगळ्या तक्रारी सांगत असतात. एकाचा फक्त एक टॅब जातो. एकाची अख्खी खिडकी गुपचूप नाहीशी होते, ना संदेश ना काही. एकाचा पडदा गोठतो. माऊस हलतो, पण क्लिक लागत नाही. एकाला 'फायरफॉक्स पुन्हा सुरू करा' असं पान दिसतं आणि तो त्यालाही क्रॅशच म्हणतो. आणि एकाचं आख्खं मशीनच रीस्टार्ट होतं, ज्याचा ब्राउझरशी काडीचा संबंध नसतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि ब्राउझर काढून परत टाकणं हा यातल्या बहुतेकांचा उपाय नाही.

देवगडला माझं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, आंब्याच्या दिवसांत पेट्यांची लेबलं, आणि जमेल तशी मशीनची दुरुस्ती. दुकानातली आणि आजूबाजूच्या गावांत बसवून दिलेली बरीच मशीनं जुनी, चार नाहीतर आठ जीबी रॅमची, लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकलेली. खाली जे लिहितोय ते या दोघांना धरून. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या.

परत टाकून का सुटत नाही

एप्टने (प्रोग्राम टाकायच्या-काढायच्या नेहमीच्या साधनाने) फायरफॉक्स काढला की जातो तो फक्त प्रोग्राम. तुमची प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, सेटिंग, हे सगळं होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात तसंच पडून असतं. परत टाकलेला ब्राउझर तेच उचलतो. दोष प्रोफाइलमध्ये असला तर तो तिथेच राहिला, रॅममध्ये असला तर तिथेही राहिला. तुमचा अर्धा तास आणि नेटपॅक तेवढा गेला.

उबंटूवर मात्र उलटी गंमत होते. २२.०४ या आवृत्तीपासून तिथे फायरफॉक्स स्नॅप म्हणून, म्हणजे एका वेगळ्या प्रकारच्या पॅकेजात येतो, आणि 'स्नॅप रिमूव्ह' केलं की त्याबरोबर प्रोफाइलही जाते. पासवर्ड गेले, बुकमार्क गेले, आणि लोक डोक्याला हात लावून बसतात. असं झालं असेल तर घाबरू नका: स्नॅप काढताना आपोआप एक प्रत ठेवतो आणि ती ३१ दिवस राहते. 'स्नॅप सेव्ह्ड' लिहिलं की तिचा क्रमांक दिसतो, तो क्रमांक देऊन 'स्नॅप रिस्टोअर' केलं की सगळं परत येतं. काढताना 'पर्ज' जोडलं असेल तर मात्र प्रत निघत नाही, मग काही इलाज नाही.

लॉग वाचायचा, आणि घड्याळ बघायचं

ब्राउझर गेला की सगळ्यात आधी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ कागदावर लिहा. मिनिटासकट. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही, आणि नंतर लॉगच्या, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदींच्या, हजारभर ओळींत शोधत बसतात.

एप्रिलात, ऐन पेट्या भरायच्या गडबडीत, एक बागायतदार काका दुकानातल्या कोपऱ्यातल्या मशीनवर अनुदानाचा फॉर्म भरत होते.

"अरे, ह्यां परत बंद पडलां! अर्धो फॉर्म भरून झालेलो!"

"काका, काय्येक दाबू नकात. आदी बघूया कोणी मारल्यान तां."

टर्मिनल उघडून 'सुडो जर्नलसीटीएल -आर' लिहिलं. 'सुडो' म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने, 'आर' म्हणजे उलट्या क्रमाने, ताजी ओळ सगळ्यात वर. बाहेर पडायला क्यू दाबायचं. त्या मिनिटाच्या ओळींत कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, लिहून ठेवलं होतं: 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', पुढे एक आकडा आणि कंसात नाव, 'आयसोलेटेड वेब को'. हे नाव बघून नवखा माणूस चक्रावतो, कुठल्या तरी कंपनीचा व्हायरस शिरला असं वाटतं. तो फायरफॉक्सचाच टॅब आहे. खरं नाव 'आयसोलेटेड वेब कंटेंट', पण कर्नल प्रोसेसचं (चालू असलेल्या प्रोग्रामच्या एका भागाचं) नाव पंधरा अक्षरांपुढे ठेवत नाही, म्हणून शेपूट तुटलं. म्हणजे फायरफॉक्स पडला नव्हता. मशीनची मेमरी संपली, आणि कोणाला तरी घालवायचं म्हणून कर्नलने त्याला घालवलं.

त्या मिनिटाला लॉगमध्ये काय सापडतं यावरून पुढची वाट ठरते. वरच्यासारखं 'आउट ऑफ मेमरी' दिसलं, किंवा 'सिस्टमडी-ओओएमडी किल्ड' आणि पुढे किती प्रोसेस मारल्या याचा आकडा दिसला, तर प्रश्न मेमरीचा. 'सेगफॉल्ट' (प्रोग्रामने भलत्याच मेमरीला हात घातला) दिसलं आणि ओळीच्या शेवटी 'लिबझूल.एसओ' असलं तर फायरफॉक्स स्वतःच पडला. लिबझूल ही त्याची मुख्य लायब्ररी. 'जीपीयू हँग' किंवा एनव्हिडियावाल्यांकडे 'एनव्हीआरएम: एक्सआयडी' दिसलं तर ग्राफिक्स. 'आय/ओ एरर' दिसलं तर हार्डडिस्क, आणि मग ब्राउझरचं सोडा, आधी पेनड्राइव्ह आणून फायली वाचवा.

आणखी एक खूण. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:क्रॅशेस' लिहा. ब्राउझर स्वतःच्या दोषाने पडला असेल तर त्या वेळेची नोंद तिथे असते. बाहेरून मारला गेला असेल तर नसते, कारण कर्नलचा तो संकेत आला की प्रोग्रामला एक ओळ लिहायचीही उसंत मिळत नाही. तेव्हा खिडकी नाहीशी झाली, क्रॅश कळवायची चौकट आली नाही आणि या पानावर नोंदही नाही, म्हणजे बाहेरच्याने मारलं असं समजायला हरकत नाही. काही पॅकेजांत क्रॅश कळवायची सोयच बंद ठेवलेली असते, तिथे हे पान कायमच रिकामं दिसेल. मग सगळी भिस्त जर्नलवर. क्रोममध्ये हेच पान 'क्रोम:' आणि दोन तिरक्या रेघांपुढे 'क्रॅशेस' लिहून मिळतं.

मेमरी

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त याच, म्हणून इथे जरा थांबतो.

'फ्री -एच' लिहून बघा. 'फ्री' खालचा आकडा बघून घाबरायचं नाही. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी वापरतो आणि लागली की लगेच सोडतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. तो शे-दोनशे एमबीवर आला असेल आणि खाली स्वॅपची (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळ जवळजवळ भरलेली असेल, तर पुढचा टॅब उघडला की कोणी ना कोणी जाणार.

कोण जाणार हे कर्नल गुण देऊन ठरवतो. क्रोम आणि क्रोमियम आपल्या टॅबांना मुद्दाम जास्त गुण देऊन ठेवतात, म्हणजे मरायची पाळी आली तर आधी टॅब मरावा, अख्खा ब्राउझर नाही. ही झाली जुनी पद्धत. उबंटूने २२.०४ पासून सिस्टमडी-ओओएमडी चालू केला, फेडोराने त्याच्याही आधी, ३४ पासून. हा गडी मेमरी पूर्ण संपायची वाट बघत नाही, मशीन मेमरीसाठी धापा टाकायला लागलं की आधीच हात उचलतो. आणि तो एकेक प्रोसेस निवडत नाही, एका अ‍ॅपचा सगळा गटच उचलतो. त्यामुळे टॅबच्या जागी अख्खा ब्राउझर, सगळ्या टॅबांसकट, डोळ्यांदेखत नाहीसा होतो.

याला बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. चार जीबीच्या मशीनवर ओओएमडी बंद केलात तर ब्राउझर मरायचा थांबेल, पण त्या जागी मशीन दहा-दहा मिनिटं गोठून राहील आणि शेवटी तुम्ही बटण दाबूनच ते बंद कराल. ते प्रोफाइललाही वाईट आणि डिस्कलाही.

खरा उपाय म्हणजे मेमरी कुठे जाते ते बघणं. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:प्रोसेसेस' उघडा. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते आकड्यांसकट दिसतं आणि तिथूनच बंदही करता येतं. क्रोममध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबा. काकांच्या मशीनवर बघितलं तर आधीच्या गिऱ्हाइकाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं, एका टॅबात दशावताराचा तीन तासांचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला, आणि तिसऱ्यात काकांनीच उघडलेली स्कॅनची पीडीएफ.

पीडीएफ हा इथला छुपा चोर. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं की साधारण ४९६० गुणिले ७०१६ ठिपके होतात. फाइल डिस्कवर एक-दोन एमबीची दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. ब्राउझरमध्ये उघडताना ती सुटी होते, आणि एका ठिपक्याला चार बाईट धरले तरी एका पानाला जवळजवळ १४० एमबी. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक अशी दहा पानं एका फाइलीत जोडून वर-खाली सरकवत बसलात की चार जीबीचं मशीन कुठवर पुरणार? २०० डीपीआयला स्कॅन करा. आकडा नवव्या हिश्शावर येतो, अक्षरं वाचता येतात आणि फॉर्मला जोडायची फाइलही लहान होते. एवढ्याने कोपऱ्यातलं मशीन बरंच सावरलं.

उरलेला उपाय स्वॅपचा. 'स्वॅपऑन --शो' लिहून किती आहे ते बघा. मिंट-उबंटूत बहुधा मूळ ड्राइव्हवर 'स्वॅपफाईल' नावाची फाइल असते, आणि ती जुन्या मशीनला तुटपुंजी पडते. ती मोठी करायला मशीन नुकतं चालू केलेलं असताना, ब्राउझर उघडायच्या आधी, या क्रमाने जा:

सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाईल
सुडो एफअ‍ॅलोकेट -एल ४जी /स्वॅपफाईल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाईल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाईल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाईल

हे नेहमीच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिमसाठी. फाइल आधीपासून होती तर पुढच्या वेळी मशीन ती आपोआप उचलेल. नव्याने केली असेल तर 'ईटीसी' फोल्डरातल्या 'एफएसटॅब'मध्ये तिची ओळ घालावी लागते.

मशीनला एसएसडी नसून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर स्वॅप वाढवून क्रॅश थांबतील, पण मशीन रडत चालेल. तिथे झेडरॅम बरा. तो रॅममध्येच एक भाग घेतो आणि त्यात मेमरीतला मजकूर दाबून लहान करून ठेवतो, डिस्कला हातच लावत नाही. फेडोरात तो २०२० पासून, म्हणजे ३३ व्या आवृत्तीपासून, आपोआप चालू असतो. मिंट-उबंटूवर 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाका आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलीत रॅमच्या किती टक्के वापरायचं ते 'पर्सेंट'च्या ओळीत लिहा. मी पन्नास ठेवतो.

आणि स्लॉट रिकामा असेल तर हे सगळं सोडून चार जीबीची एक वापरलेली पट्टी घाला. जुन्या डीडीआर-३ पट्ट्या फार महाग पडत नाहीत.

पडदा गोठतो, रंग फाटतात, व्हिडिओ लावला की जातो

हे ग्राफिक्सचं लक्षण. ओळखायला सोपं: फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली 'परफॉर्मन्स' आहे, तिथली 'रेकमेंडेड' ची खूण काढली की खाली हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनची खूण दिसते. तीही काढा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. क्रोममध्ये हीच खूण 'सिस्टम'खाली. क्रॅश थांबले तर चोर सापडला. क्रोम उघडतच नसेल तर टर्मिनलमधून '--डिसेबल-जीपीयू' जोडून उघडा.

ही खूण कायमची काढून ठेवायची का? साध्या फॉर्म-सातबाराच्या मशीनला काही फरक पडत नाही. पण व्हिडिओ बघणाऱ्याला पडतो, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडायला लागतो. तेव्हा आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करून बघा. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर तिथे सुचवलेलाच ड्रायव्हर घ्या, नेटवर सापडलेला सगळ्यात नवा नको, जुन्या कार्डांना नवे ड्रायव्हर ओळखतच नाहीत.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: तुम्ही काहीच बदललं नाही, तरी ब्राउझरने बदललेलं असतं. डिसेंबर २०२३ च्या १२१ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स वेलँडच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेच्या) सत्रात स्वतः वेलँडवर चालतो, आधी तो जुन्या एक्स-११ च्या आधाराने चालायचा. त्याआधी जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून इंटेलच्या ग्राफिक्सवर व्हिडिओ उलगडायचं काम हार्डवेअरकडे गेलं. 'गेल्या वर्षीपर्यंत नीट चालत होता' या तक्रारीमागे कधीकधी हेच निघतं. वेलँडवर संशय असेल तर 'मोझ_एनेबल_वेलँड=०' ब्राउझरच्या नावाआधी लिहून चालवा (मूळ नाव मोठ्या अक्षरांत), किंवा लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह दाबून 'झॉर्ग'चं, म्हणजे एक्स-११ चं, सत्र निवडा. उबंटू २५.१० पासून ग्नोमचं (उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) हे झॉर्ग सत्रच काढलंय, तिथे पहिला मार्ग.

प्रोफाइल आणि एक्स्टेन्शन

लॉगमध्ये मेमरी नाही, ग्राफिक्स नाही, आणि क्रॅश विशिष्ट पानावर किंवा ब्राउझर उघडल्या उघडल्या होतो, तर 'फायरफॉक्स --सेफ-मोड' असं चालवा. यात एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन दोन्ही तात्पुरती बंद होतात. इथे ठीक चालला तर एक्स्टेन्शन एकेक करून चालू करत जा. इथेही पडला तर 'अबाउट:प्रोफाइल्स'मध्ये नवी प्रोफाइल करून तिच्यात बघा; जुनीला हात लावायची गरज नाही.

पावसाळ्यात वीज अशी काही जाते-येते की यूपीएस नसलेल्या मशीनच्या प्रोफाइलला कधी ना कधी धक्का बसतोच. 'अबाउट:सपोर्ट' पानावर खाली 'प्लेसेस डेटाबेस' असा भाग आहे, त्यात 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' दाबा. इतिहास आणि बुकमार्क जिथे साठतात ती फाइल तपासली जाते. त्याच पानावर 'रिफ्रेश फायरफॉक्स' आहे. तो बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतो, एक्स्टेन्शन काढतो आणि जुनं सगळं डेस्कटॉपवर एका फोल्डरात ठेवून देतो. ब्राउझर काढून परत टाकण्याऐवजी लोकांना हवं असतं ते खरं तर हे.

डिस्क भरली असेल

'डीएफ -एच' लिहा. मूळ ड्राइव्हपुढे शंभर टक्के दिसले तर ब्राउझर प्रोफाइलमध्ये काही लिहू शकत नाही आणि मग काहीही होतं. मिंटवर याचं नेहमीचं कारण टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारा प्रोग्राम: त्याला रोजची प्रत काढायला सांगून ठेवलेलं असतं आणि प्रती त्याच डिस्कवर साठतात. दोन ठेवा, बाकीच्या त्याच्याच खिडकीतून काढा. फाइल मॅनेजरमधून काढायला जाऊ नका.

क्रॅश नसलेला क्रॅश

ब्राउझर उघडा असताना मागे अपडेट बसलं की फायरफॉक्स नवा टॅब उघडायला नकार देतो आणि पुन्हा सुरू करा म्हणतो. सकाळी तात्काळ तिकिटाला बसलेल्या माणसाचा यावर फार जीव जातो. दहाला एसी, अकराला स्लीपर, आणि नऊ अठ्ठावन्नला हे पान. तात्काळच्या दिवशी अपडेट मॅनेजर आदल्या रात्रीच चालवून घ्या आणि सकाळी ब्राउझर नव्याने उघडा, एवढंच. उबंटूच्या स्नॅपवाल्या फायरफॉक्सची 'अ‍ॅप बंद करा' अशी सूचना आली तर ती दिवसभर टोलवत बसू नका.

दुसरं, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेला की मशीनची तारीख मागे जाते आणि सगळ्या साइट असुरक्षित म्हणून उघडत नाहीत. सीआर-२०३२ नावाचा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

भटका क्रॅश, आणि आमची खारी हवा

आता किनाऱ्यावरच्यांसाठी खास. कधी टॅब जातो, कधी अख्खा ब्राउझर, कधी त्याच दिवशी लिब्रेऑफिसही पडतं. लॉगमध्ये सेगफॉल्ट, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. नवी प्रोफाइल, नवा ब्राउझर, अगदी लिनक्स नव्याने टाकूनही तेच. असं झालं की सॉफ्टवेअरचा नाद सोडा आणि रॅम तपासा. बळी ब्राउझरचा जातो, कारण मशीनवर सगळ्यात जास्त मेमरी तोच व्यापतो आणि बिघडलेला कप्पा त्याच्याच वाट्याला यायची शक्यता जास्त.

गणपतीत हे हटकून दिसतं. चाकरमानी येतात, जून-जुलैचा सगळा पाऊस बंद घरात काढलेलं मशीन चालू करतात, आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात येतं. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला ज्या पिवळ्या संपर्कपट्ट्या असतात त्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. दमट खारी हवा आणि धूळ यांचा थर बसला की संपर्क कधी धरतो, कधी सुटतो.

आधी मेमटेस्ट-८६-प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवा. मशीन चालू होतानाच्या ग्रबच्या यादीत तो सापडला तर ठीक, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्या. २०२२ ची सहावी आवृत्ती किंवा पुढची, कारण आधीची पाचवी नव्या पद्धतीच्या यूईएफआय मशीनवर चालत नाही. रात्री लावून झोपा. सकाळी लाल ओळ एक दिसली काय आणि हजार दिसल्या काय, अर्थ एकच. चांगल्या रॅममध्ये चूक शून्य असते, 'एखादी चालते' असं काही नसतं.

लाल ओळी दिसल्या तरी लगेच नवी पट्टी आणू नका. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेली वीज उतरेल, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. दोन्ही कडांच्या खुंट्या बाहेर लोटल्या की पट्टी उचलून येते. ती कडेने धरा आणि उजेडात तिरकी करून संपर्कपट्ट्या बघा. चांगल्या असल्या तर चकचकीत पिवळ्या. बाधलेल्या असल्या तर मंद, कुठे तपकिरी ठिपके, कुठे पांढरट बुरशीसारखं. लिंट न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून मिळतं) आणि हलक्या हाताने पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकटून राहतं. डाग हटत नसेल तर पांढरा मऊ खोडरबर एक-दोनदा फिरवा, मग परत आयपीएने पुसा. खोडरबर हा इथे सगळ्यांचा आवडता उपाय, पण तो मुलामाही खरवडतो. दर पावसाळ्यात जोर लावून घासत राहिलात तर एक दिवस खालचं तांबं दिसेल आणि मग ती पट्टी गेलीच. स्लॉट कोऱ्या ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. पट्टी खाच जुळवून सरळ दाबा, दोन्ही खुंट्या टक्कन बसल्या पाहिजेत.

परत मेमटेस्ट. अजूनही लाल असेल तर दोनपैकी एकेक पट्टी ठेवून तपासा, नंतर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. दोष कधी पट्टीचा नसून स्लॉटचा निघतो.

पावसाळ्यात मशीन झाकून बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा-एक तास चालू ठेवलेलं बरं. आतली ऊब दमटपणा टिकू देत नाही. प्लास्टिकचं कव्हर मात्र चालू असताना काढा. आणि कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा, पाल आत जाऊन कुठे झोपेल सांगता येत नाही.

काहीच सापडलं नाही तर

आधी बघा, मशीनवर ३२ बिटचं लिनक्स तर नाही ना. 'यूनेम -एम' लिहिलं आणि उत्तरात 'एक्स-८६' च्या पुढे '६४' न येता 'आय-६८६' आलं तर आहे. तिथे एका प्रोसेसला तीन-चार जीबीपेक्षा जास्त जागाच मिळत नाही, रॅम कितीही असो. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सची १४४ ही शेवटची आवृत्ती. प्रोसेसर ६४ बिटचा असेल, आणि बहुधा असतोच, तर ६४ बिटचं मिंट टाकणं हाच सरळ मार्ग.

तेही नसेल तर दोष ब्राउझरचाच, आणि तो कळवायला हवा. 'अबाउट:क्रॅशेस'मधल्या नोंदीवर क्लिक केलं की ती मोझिलाकडे जाते आणि एक पान उघडतं. त्याचा क्रमांक 'बीपी' ने सुरू होतो. मदत मागताना तो क्रमांक, 'अबाउट:सपोर्ट'चा वरचा भाग आणि क्रॅशच्या मिनिटाच्या लॉगच्या ओळी एवढं द्या. नुसतं "चालत नाही हो" लिहिलंत तर समोरचाही "रीइन्स्टॉल करून बघा" एवढंच लिहिणार.

उत्तर येईपर्यंत काम अडू नये म्हणून फायरफॉक्सची ईएसआर (सावकाश बदलणारी, जास्त काळ टिकणारी) आवृत्ती शेजारी टाकून ठेवा. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थापनेची प्रोफाइल वेगळी असते, त्यामुळे एकीचा बिघाड दुसरीत शिरत नाही. बुकमार्क आणि पासवर्ड मात्र जुनीतून फाइलीत काढून नवीत हाताने आणावे लागतील. आणून झालं की पासवर्डची फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका, ती साध्या मजकुरात असते.